गर्भातल्या बाळात गंभीर दोष निघाला तर: मेडिकल बोर्डाचा अर्ज, कागदपत्रं आणि पुढचे हक्क

गर्भातल्या बाळात गंभीर दोष आढळला तर २४ आठवडे उलटल्यावरही भारतात कायद्याची वाट बंद होत नाही. ही गोष्ट अजून कितीतरी घरांपर्यंत, आणि काही दवाखान्यांपर्यंतही, नीट पोचलेली नाही. "आता उशीर झाला" किंवा "आता कोर्टात जा" एवढंच ऐकून माणसं घरी परततात आणि हातातले दिवस निघून जातात. म्हणून अर्ज कुठे करायचा, कोण पात्र, कागद कोणते आणि बाळ ठेवायचं असेल तर काय मिळतं, हे सगळं इथे एकत्र मांडतो आहे.

त्याआधी एक सांगायला हवं. दोष निघाला म्हणजे गर्भपात करायलाच हवा, असं कायदा म्हणत नाही. निर्णय गरोदर बाईचा. ती सज्ञान असेल तर गर्भपातासाठी फक्त तिची लेखी संमती लागते. नवऱ्याची, सासू-सासऱ्यांची किंवा आई-वडिलांची सही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे कुटुंबाची संमती, जादा कागद किंवा कोर्टाचा आदेश, डॉक्टरांनी लादू नयेत. बाई अठरा वर्षांखालची किंवा मानसिक आजार असलेली असेल, तरच पालकांची संमती लागते.

आठवडे किती भरले?

पात्रता आठवड्यांवर ठरते. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि या टप्प्यात ज्यांना परवानगी आहे त्या गटांत बाळातल्या गंभीर दोषाचा समावेश आहे. इथे मेडिकल बोर्डाची, म्हणजे सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीची, गरज नाही. २४ आठवड्यांनंतर मात्र मेडिकल बोर्डानं 'गर्भात लक्षणीय दोष आहे' असं निदान करावं लागतं. तसं झालं तर आठवड्यांची वरची मर्यादा कायद्यात नाही. हा बदल गर्भपाताच्या कायद्यातल्या (एमटीपी कायदा) २०२१ च्या दुरुस्तीनं आला आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीनं करावा लागणार असेल, तर आठवड्यांची अट नाही आणि बोर्डही लागत नाही.

गोंधळ होतो तो तारखांमुळे. शेवटच्या पाळीची तारीख एक सांगते, सोनोग्राफी दुसरंच. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेलं गर्भाचं वय जास्त भरवशाचं मानतात. तो जुना रिपोर्ट शोधून फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. २३ आठवडे ५ दिवस आणि २४ आठवडे २ दिवस यांत फरक चारच दिवसांचा, पण अर्जाचा मार्ग पूर्ण बदलतो.

वेळ जातो तो तपासण्यांत. ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळात दोष आहे का हे बारकाईनं पाहणारी सोनोग्राफी, साधारण १८ ते २० आठवड्यांत होतो. त्यात शंका आली की गर्भजल तपासणी सुचवतात. पेशी वाढवून केलेल्या गुणसूत्र तपासणीचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. काही ठरावीक दोषांसाठीच्या झटपट चाचण्यांचा निकाल काही दिवसांत येतो. कोणती चाचणी केली आहे आणि निकाल कधी येणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही चाळणी चाचणी आहे, म्हणजे ती फक्त दोषाची शक्यता सांगते. तिच्या निकालावर अंतिम निर्णय घेऊ नये, गर्भजलाच्या किंवा वारेच्या तपासणीनं खात्री करून घ्यावी. अशा तपासणीआधी तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी संमती घेणं आणि तिची प्रत तुम्हाला देणं केंद्रावर बंधनकारक आहे. बाळाचं लिंग विचारू नका. ते सांगणं गुन्हा आहे, आणि त्या प्रश्नानं डॉक्टरही अडचणीत येतात.

बोर्डाकडे अर्ज

बोर्ड राज्य सरकार नेमतं. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट असायलाच हवेत. दोष हृदयाचा किंवा मेंदूचा असेल तर बोर्ड त्या विषयाचा तज्ज्ञ बोलावू शकतं. तुमच्या भागातलं बोर्ड कुठे बसतं हे सिव्हिल हॉस्पिटलच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात विचारा. ज्या डॉक्टरांकडे नाव घातलं आहे त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घ्या, पण ती मिळेपर्यंत थांबून राहू नका.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तो बाईच्या नावानं आणि तिच्या सहीचा हवा. नाव, वय, पत्ता, गर्भ किती आठवड्यांचा, कोणत्या तारखेच्या तपासणीत कोणता दोष आढळला आणि गर्भपाताची परवानगी मागत आहे, एवढं पुरे. कारणांची पानंच्या पानं लिहायची गरज नाही.

कागदांची ठरावीक यादी कायद्यात नाही, पण बोर्डाला निर्णय घ्यायला जे लागतं ते हे: ओळखपत्र, वयाचा पुरावा, आजवरचे सगळे केसपेपर, पहिल्या तिमाहीपासूनच्या सगळ्या सोनोग्राफी (फक्त रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडीसुद्धा), बाळाच्या हृदयाची इको किंवा एमआरआय झाली असेल तर ती, गर्भजलाचा किंवा जेनेटिक रिपोर्ट, आईच्या रक्तगटाचा आणि इतर रक्ततपासण्यांचा कागद. आधीच्या बाळंतपणात सिझेरियन झालं असेल किंवा आईला काही आजार असेल तर त्याचेही कागद, कारण या टप्प्यावर गर्भपात आईला सुरक्षित आहे का हेही बोर्ड पाहतं. सगळ्याच्या दोन झेरॉक्स प्रती करा आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नियमानुसार अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत बोर्डानं मत द्यायचं आहे, आणि परवानगी दिली तर अर्ज मिळाल्यापासूनच पाच दिवसांत योग्य समुपदेशनासह आणि सगळी काळजी घेऊन गर्भपात करायचा आहे. हे दिवस मोजायचे तर अर्ज कधी दिला याचा पुरावा हवा. म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी "बघतो" हे उत्तर मानू नका. आवक-जावक टेबलाशी उभं राहणं, झेरॉक्स काढणं, फोन करणं ही कामं बहीण, भाऊ, दीर, मैत्रीण कुणीही करू शकतं, आणि माझ्या मते या काळात नातेवाइकांनी आई-बापांना द्यायची खरी मदत हीच आहे. सल्ले द्यायला आधीच बरेच जण असतात. बोर्डासमोर मात्र तपासणीसाठी बाईला स्वतः जावं लागतं. तिच्यासोबत एक विश्वासाचं माणूस असू द्या.

तिचं नाव आणि माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे. ती उघड केली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बोर्डानं नकार दिला तर

बोर्डाचा अहवाल 'नमुना ड' मध्ये असतो. त्याची कारणांसह प्रत मागा. ती घेऊन उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि अशा याचिका तातडीनं ऐकल्या जातात. जानेवारी २०२३ मध्ये बोर्डानं नकार दिलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं ३३ व्या आठवड्यात परवानगी दिली आणि निवडीचा हक्क त्या बाईचा आहे, बोर्डाचा नव्हे, असं म्हटलं. प्रत्येक निकाल असाच लागेल असं नाही, पण नकार म्हणजे शेवट नव्हे. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर एक लक्षात ठेवा: स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती किंवा १५१०० हा क्रमांक.

बाळ ठेवायचं ठरलं तर

मग बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवा. जन्मतःच शस्त्रक्रिया लागणार असेल तर नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेलंच रुग्णालय हवं. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसह बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे, आणि आजारी अर्भकाला वर्षभरापर्यंत मोफत उपचार मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मजात हृदयदोष, फाटलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, मज्जारज्जूचे दोष, डाऊन सिंड्रोम यांसाठी तपासणी आणि पुढचे उपचार आहेत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. जन्माचा दाखला लवकर काढा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तो लागतो. कायमचं अपंगत्व राहिलं तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो.

बाळ जगण्याची आशा नसली तरी काही आई-बाप गर्भ पूर्ण मुदतीपर्यंत ठेवतात. त्यांनी बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून लेखी ठरवावं: बाळाला यंत्रावर ठेवायचं की वेदना होऊ न देता कुशीत द्यायचं, भेटायला कोण येणार. ऐनवेळी हे प्रश्न त्या आईसमोर येऊ नयेत.

नंतरचे कागद

२८ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तर मृतजन्माची नोंद होते. बाळ जिवंत जन्मून थोड्याच वेळात गेलं, तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी लागतात. मुदत २१ दिवस. रुग्णालयातला जन्म-मृत्यू असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, पण कळवलं ना, एवढं विचारून घ्या.

नोकरी करणाऱ्या बाईला गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळते. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मृतजन्म झाल्यास किंवा जन्मल्यावर लवकरच बाळ दगावल्यास ६० दिवसांची विशेष रजा आहे. ती सप्टेंबर २०२२ पासून मिळते.

गर्भाची शवतपासणी किंवा जेनेटिक नमुना हवा असेल तर गर्भपाताच्या किंवा बाळंतपणाच्या आधीच सांगा. नंतर नमुना हाती राहत नाही. दोष पुन्हा येण्याची शक्यता किती, हे जेनेटिक समुपदेशक बऱ्याचदा त्याच अहवालावरून सांगतात. मज्जारज्जूचा दोष झाला असेल तर पुढच्या वेळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, जास्त मात्रेचं फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं. मन सावरत नसेल, आईचं किंवा बापाचंही, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.