छातीच्या स्नायूचा फ्लॅप (पीएमएमसी)

तोंड, जबडा, घसा किंवा मानेतील कर्करोग काढल्यावर मागे जी पोकळी उरते, ती छातीवरचा मोठा स्नायू (पेक्टोरॅलिस मेजर) आणि त्याला चिकटलेली कातडी वर आणून बुजवण्याची शस्त्रक्रिया. पूर्ण नाव पेक्टोरॅलिस मेजर मायोक्युटेनियस फ्लॅप; ऑपरेशन थिएटरपासून वॉर्डापर्यंत सगळे ‘पीएमएमसी’च म्हणतात. स्नायू छातीपासून सोडवला तरी त्याला रक्त पुरवणारी वाहिनी तोडली जात नाही. तिच्या देठावरच तो कॉलरबोनवरून मानेत फिरवतात.

अशी सोय पूर्वी नव्हती. १९६५ मध्ये बाकमजियान यांनी छातीच्या वरच्या भागातली आणि खांद्याकडची कातडी घशाच्या पुनर्रचनेसाठी वापरली. ती पद्धत पुढे पुष्कळ चालली, पण काम दोन टप्प्यांचे होते. काही आठवडे रुग्णाची कातडी छाती आणि मान यांमध्ये पुलासारखी लोंबत राहायची, मग ती कापायला पुन्हा टेबलावर घ्यावे लागे. १९७९ मध्ये स्टीफन एरियन यांनी स्नायूसकट फ्लॅप मांडला आणि सगळे एका बैठकीत होऊ लागले. कर्करोग शल्यचिकित्सेत तो झपाट्याने पसरला, याचे कारणही तेच.

फ्लॅपचा जीव थोरॅकोअक्रोमियल धमनीच्या छातीकडे जाणाऱ्या शाखेत असतो. ही शाखा कॉलरबोनच्या साधारण मध्याखालून निघते आणि स्नायूच्या आतल्या पृष्ठावरून खाली उतरते. म्हणून चिरा देण्याआधी कातडीवर शाईने दोन रेषा आखतात : एक खांद्याच्या टोकापासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, दुसरी कॉलरबोनच्या मध्यापासून खाली पहिल्या रेषेला मिळणारी. वाहिनी कुठून धावते याचा अंदाज त्यावरून येतो. कातडीचा तुकडा (‘पॅडल’) बहुधा स्तनाग्राच्या आतल्या बाजूला, थोडा खाली घेतात. स्नायूची हद्द सोडून तो फार खाली नेला की टोकाची कातडी काळी पडण्याचा धोका वाढतो. लांबी पुरावी म्हणून हा मोह पुष्कळांना होतो.

पॅडल कापल्यावर पहिले काम म्हणजे कातडी खालच्या स्नायूला चार-सहा टाके घालून बांधणे. नाहीतर ओढाताणीत दोघांमधल्या बारीक वाहिन्या तुटतात आणि फ्लॅप वर पोचेपर्यंत कातडी निर्जीव होते. मग स्नायू बरगड्यांवरून उचलतात. आतल्या बाजूने येणारी वाहिनी डोळ्यांनी दिसते, बोटाला तिचे ठोके लागतात. स्नायूकडे जाणाऱ्या नसा सहसा कापतात, म्हणजे मानेतला स्नायू आखडून ओढ देत नाही आणि पुढे त्याचा फुगवटाही उतरतो. शेवटी मानेच्या कातडीखाली बोगदा करून फ्लॅप वर घेतात. बोगदा ऐसपैस हवा आणि देठाला पीळ नको. छातीची जखम आजूबाजूची कातडी सैल करून बहुतेकदा सरळ शिवली जाते. रुग्ण सुरुवातीपासून उताणाच असतो, कूस बदलावी लागत नाही. सरावलेल्या हाताला फ्लॅप उचलायला साधारण तासभर पुरतो.

सोलापूर भागात या शस्त्रक्रियेचे महत्त्व रोगाच्या जागेमुळे आहे. तंबाखू-चुना, मावा, गुटखा गालात दाबून ठेवायची आणि मशेरी लावायची सवय इथे स्त्री-पुरुष दोघांत आहे. त्यामुळे गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीच्या खाचेतला कर्करोग जास्त दिसतो. (राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पुड्या मात्र कधी दुर्मीळ झाल्या नाहीत.) रुग्ण उशिरा येतो, तोवर गाठ गालाची कातडी फोडून बाहेर आलेली असते. अशा वेळी गाल आरपार कापावा लागतो. मग पॅडल दुहेरी घेऊन घडी घालतात : एक भाग तोंडाच्या आतले अस्तर, दुसरा बाहेरचा गाल, आणि घडीवरच्या पट्टीची वरची कातडी खरवडून काढलेली. एकाच स्नायूवर दोन्ही बाजू निभावतात. मानेच्या गाठी काढल्यावर उघडी पडलेली मोठी धमनीही त्याच स्नायूने झाकली जाते. पुढे रेडिएशनचा शेक द्यायचा असतो तेव्हा हे आवरण मोलाचे ठरते.

जिल्ह्यात कर्करोगाच्या कामाला जुनी परंपरा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी ठेवली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. खर्चाच्या बाजूने पाहता, जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) पहिल्या टप्प्यात ज्या ८ जिल्ह्यांत आली, त्यांत सोलापूर होते. तरीही विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावरच्या घराला मुक्कामाचे दिवस आणि बुडालेली मजुरी जड जातेच. ऑपरेशनआधी नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, मराठीत, कानडीत नाहीतर तेलुगूत : “साहेब, रोग गालाला हाय, मग छाती का कापताय?” याचे उत्तर कागदावर चित्र काढून दिलेले बरे.

मनगट, मांडी किंवा पायाच्या हाडाचा ‘फ्री फ्लॅप’ (मूळ जागेपासून पूर्ण तोडून मानेतल्या वाहिन्यांना जोडलेला तुकडा) आज अधिक सरस मानला जातो आणि जबड्याचे पुढचे हाड गेले असेल तर तो मान रास्तच आहे. छातीचा फ्लॅप हाड देत नाही. पण फ्री फ्लॅपला सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडणारा हात, जादा तास आणि रात्री-अपरात्री पुन्हा उघडण्याची तयारी लागते. वय झालेला, अशक्त, मधुमेही रुग्ण असेल किंवा आधीचा फ्री फ्लॅप फसला असेल, तर पीएमएमसीला ‘गरिबाचा पर्याय’ म्हणून हिणवणे चूक आहे. स्वरयंत्र काढल्यावर घशाच्या शिवणीवर नुसता स्नायू पसरला तरी लाळ झिरपण्याचा धोका कमी होतो.

दोषही आहेत. फ्लॅप जाड असतो. स्त्रियांत चरबीमुळे तो अधिक बोजड होतो आणि स्तनाचा आकार बिघडतो. त्यांच्यात पॅडल स्तनाखालच्या घडीजवळ घेऊन व्रण लपवता येतो. पुरुषांच्या तोंडात छातीचे केस उगवतात. ते विनोदाने सांगितले जात असले तरी रुग्णाला ते फार खटकते. शेकानंतर ते बहुधा गळतात. पूर्ण फ्लॅप मरणे विरळा, कडेची कातडी जाणे किंवा टाके उसवून लाळ गळणे मात्र नेहमीचे.

पहिले काही दिवस नर्स फ्लॅपचा रंग पाहते. फिकट पडला तर रक्त पोचत नाही, निळा-जांभळा झाला तर परतत नाही. सुई टोचून लाल रक्त आले की जिवात जीव येतो. श्वासनळीला नळी असल्यास तिची नाडी मानेभोवती आवळून बांधायची नाही, देठ दाबला जातो. त्यापेक्षा नळी कातडीला टाक्याने धरतात. जेवण नाकातल्या नळीतून चालते.

घरी गेल्यावर तोंड उघडण्याचा आणि खांद्याचा व्यायाम चुकवून चालत नाही. फ्लॅप बहुधा रोगाच्याच बाजूचा घेतात, म्हणजे मानेच्या शस्त्रक्रियेने दुखावलेला आणि छातीचा स्नायू गमावलेला खांदा एकच असतो. माग चालवणाऱ्याला हात जवळ ओढताना जोर कमी पडल्याचे जाणवते. शिवाय जाड स्नायूखाली रोग परतला तर लवकर हाताला लागत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घेतात आणि शंका आली तर स्कॅन करतात.