दोन खटले आणि एक विशेषण: बेरिया कॉलेजची पार्श्वभूमी

‘फी नाही, सगळी मुलं काम करतात’ एवढ्या एका ओळीत बेरिया कॉलेजची ओळख बहुतेक वेळा संपते. ओळ खोटी नाही. पण अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरपायथ्याचं, जेमतेम दीड हजार विद्यार्थ्यांचं हे ख्रिस्ती कॉलेज मला आधी भेटलं ते कायद्याच्या पुस्तकात. तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा निराळ्याच रूपात.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. गुलामगिरीला कडवा विरोध करणारा एक धर्मोपदेशक, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या बापाचा मुलगा, १८५५ मध्ये इथे एका खोलीची शाळा काढतो. नाव बायबलमधलं, मराठी बायबलात त्या गावाला बिरुया म्हटलंय. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं म्हणणं ऐकून न थांबता तिथले लोक रोज शास्त्र उघडून ताडून पाहत. ब्रीदवाक्य त्याच अध्यायातलं: देवाने पृथ्वीवरचे सगळे लोक एकाच रक्ताचे घडवले. गुलामगिरीच्या राज्यात ही पाटी लावणं म्हणजे काय, ते १८५९ च्या डिसेंबरात कळलं. साठेक हत्यारबंद माणसं दारात आली आणि गाव सोडायला दहा दिवसांची मुदत देऊन गेली. यादवी युद्ध संपल्यावर मंडळी परतली. १८६६-६७ च्या पटावर १८७ विद्यार्थी होते, त्यांतले ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. एकाच वर्गात, एकाच बाकावर. १८७२ मध्ये तर विश्वस्तांनी दोन्ही वर्णांच्या मुलामुलींच्या एकत्र हिंडण्याफिरण्यालाही काही अटींवर हरकत घेतली नाही. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह ज्याने सुरू केला, तो इतिहासकार इथलाच, १९०३ चा पदवीधर. त्याच्यानंतर वर्षभरातच कृष्णवर्णीयांसाठी दार बंद झालं.

जानेवारी १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. मांडणाऱ्याच्या आडनावावरून त्याला डे कायदा म्हणतात. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणाऱ्या संस्थेला हजार डॉलर दंड, शिकवणाऱ्याला तेवढाच, आणि अशा वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसाला ५० डॉलर. वेगळी शाखा काढायची असेल तर किमान २५ मैल लांब. सरकारी शाळांमध्ये वेगळेपण आधीपासून होतंच, त्यामुळे कायदा सगळ्यांसाठी असला तरी बाण एकाच कॉलेजवर रोखलेला होता. मार्चमध्ये सही झाली.

इथे बहुतेक वर्णनं कॉलेजला निव्वळ बळी ठरवून पुढे सरकतात. मला ते पटत नाही. १८९२ मध्ये आलेल्या अध्यक्षांनी कॉलेजचं तोंड हळूहळू डोंगरांकडे वळवलं होतं. अ‍ॅपलाचिया डोंगररांगेच्या खोऱ्यांतले गरीब गोरे हे ‘आपले समकालीन पूर्वज’ आहेत, त्यांना शिकवायला पैसे द्या, असं आवाहन उत्तरेतल्या देणगीदारांपुढे सुरू झालं, आणि पैसे आलेही. विद्यार्थी वाढले, पण १९०४ पर्यंत त्यांत कृष्णवर्णीय पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरले होते. संस्थापक म्हातारपणी हे बघत होता आणि नाराज होता. १९०१ मध्ये तो वारला. कायद्याने केलं ते वाईटच, पण उतार आधीच लागला होता. गंमत अशी की विधेयक मांडणारा आमदारही एका डोंगरी जिल्ह्याचाच.

कॉलेज लढलं, हेही तितकंच खरं. हजार डॉलर दंड झाला, अपील झालं. राज्याच्या न्यायालयाने २५ मैलांचं कलम तेवढं अवास्तव ठरवलं, बाकी कायदा उचलून धरला. मग प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ नोव्हेंबर १९०८ चा निकाल सात विरुद्ध दोन असा कॉलेजच्या विरोधात गेला, आणि तो कसा गेला हे बघण्यासारखं आहे. स्वखुशीने एकत्र शिकणाऱ्या माणसांना सरकार अडवू शकतं का, हा खरा प्रश्न. बहुमताने त्याला हातच लावला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की कॉलेज ही राज्याने दिलेल्या सनदेवर जन्मलेली नोंदणीकृत संस्था. ज्याने सनद दिली, तो ती बदलूही शकतो. माणसाला जो हक्क आहे तो संस्थेला असेलच असं नाही. दोन असहमत न्यायमूर्तींपैकी एक खुद्द केंटकीचा, आणि तोही गुलाम बाळगणाऱ्या घरातला. त्याने विचारलं, मग उद्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना एकत्र बसवणंही गुन्हा ठरवणार का?

दरम्यान कॉलेजने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फिस्क विद्यापीठासारख्या कृष्णवर्णीयांच्या संस्थांमध्ये धाडलं, त्यासाठी पैशाची मदतही केली. मग त्यांच्यासाठी शेल्बी परगण्यात वेगळी संस्था उभारायला चार लाख डॉलर जमवले. ती १९१२ मध्ये उघडली. याला जबाबदारी निभावणं म्हणायचं की हात झटकणं, यावर अजून वाद आहेत. माझं मत असं की पैसे मनापासून जमवले, आणि ते जमल्यावर कॉलेजने सुटकेचा निःश्वासही टाकला.

दुसरा खटला अगदी किरकोळ वाटावा असा. कॉलेजसमोर रस्त्यापलीकडे एक खानावळ होती. १९११ मध्ये कॉलेजने नियम केला की आपल्या ताब्याबाहेरच्या खानावळीत किंवा करमणुकीच्या जागी पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला तडकाफडकी काढलं जाईल. काहींना काढलंही. गिऱ्हाईक आटलं तसा खानावळवाला कोर्टात गेला. १९१३ मध्ये केंटकीच्या न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला: विद्यार्थ्याच्या शरीराची, नीतीची आणि शिक्षणाची काळजी वाहताना कॉलेज आईबापाच्या जागी असतं, आणि आईबाप मुलाला घालू शकतील असा कुठलाही नियम कॉलेजही घालू शकतं. डोंगरातून आलेली, हाती फारसा पैसा नसलेली, जगाची सवय नसलेली ही मुलं, असंही चित्र त्यात आहे. हा निकाल पुढे अर्धशतकभर अमेरिकेतल्या कॉलेजांनी ढालीसारखा वापरला. १९६१ मध्ये अलाबामातल्या विद्यार्थ्यांच्या खटल्याने तिला तडा गेला.

म्हणजे पाच वर्षांत एकच कॉलेज कोणाला वर्गात घ्यायचं ते ठरवताना सरकारचं लेकरू ठरलं, आणि त्याच वर्गातल्या मुलांनी कुठे जेवायचं ते ठरवताना त्यांचा बाप.

डे कायदा १९५० मध्ये सैल झाला. शालेय पातळीवर बंदी राहिली, कॉलेजांना मोकळीक मिळाली, आणि बेरियाने ती लगेच वापरली. ४६ वर्षं गेली होती.

आता कामाबद्दल, कारण इथे आपल्याकडचा एक शब्द आड येतो. ‘कमवा आणि शिका’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साताऱ्याची रयत येते, घाम गाळून फी आणि पोट भागवणारा मुलगा येतो. बेरियातलं काम तसं नाही. फी १८९२ पासून नाहीच. ती कामातून फिटत नाही; तिचा मोठा भार कायम निधीच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर आहे. अट न घातलेलं प्रत्येक मृत्युपत्री दान थेट कायम निधीत टाकायचं, असं विश्वस्तांनी १९२० मध्ये ठरवलं. आज तो निधी अब्ज डॉलरच्या वर आहे. काम मात्र सक्तीचं, आठवड्याला किमान दहा तास, बापाच्या पैशाने कोणाची सुटका नाही. त्याचा थोडा मोबदला मिळतो, आणि पदवीबरोबर कामाचं वेगळं प्रगतिपत्रकही. कोणी कचेरीत बसतो, कोणी शेतावर, कोणी १९०९ पासून चालणाऱ्या कॉलेजच्या हॉटेलात खोल्या लावतो.

सगळ्यात बघण्यासारखं आहे झाडूकाम. झाडूचं गवत म्हणजे ज्वारीचीच एक जात. कणसाऐवजी लांब ताठ तुरे धरते. ते भिजवून मऊ करायचं, दांड्याभोवती थर देत तारेने किंवा दोऱ्याने आवळायचं, मग शिकंज्यात चपटं दाबून रंगीत दोऱ्याने आडवे टाके घालायचे. शंभर वर्षं उलटली तरी विद्यार्थी हे करतात आणि तो माल विकला जातो. १९०६ चं प्रार्थनागृहही त्यांच्याच हातचं, विटा भाजण्यापासून लाकूडकामापर्यंत. एरवी शिस्तीच्या या आवारात ऑक्टोबरात एक दिवस वर्ग बंद असतात. पहाटे अंधारात सगळे जवळच्या डोंगरावर चढतात आणि सूर्य उगवताना सुळक्यांवर बसतात.

अलीकडचा एक पेच पुन्हा एका शब्दाचा. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने श्रीमंत खासगी कॉलेजांच्या निधीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. तेव्हाचा निकष दर विद्यार्थ्यामागे पाच लाख डॉलरचा निधी आणि किमान ५०० विद्यार्थी. गरिबांसाठीच्या कॉलेजचं नाव त्यात हार्वर्डच्या पंगतीत येऊन बसलं. विद्यार्थ्यांआधी ‘फी भरणारे’ हे विशेषण घालून सुटका करण्याचा बेत सिनेटमध्ये नियमांवर अडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या विधेयकात ते विशेषण घुसवण्यात आलं. निधी तेवढाच राहिला, विद्यार्थी तेवढेच, पण ‘फी भरणारे’ मोजायला गेलं तर शून्य. राहण्याजेवणाचं बिल मात्र घरच्या ऐपतीप्रमाणे अजूनही येतं.