दक्षिणेच्या रस्त्यावर रात्रीचा मुक्काम

अमेरिकेच्या दक्षिणेत अटलांटाहून निघायचं, माँटगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम करत मेम्फिस गाठायचं आणि वाटेत मित्रांकडे उतरायचं, अशी सहल आज सहज आखता येते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीची शंभराहून जास्त स्थळं 2018 मध्ये 'सिव्हिल राइट्स ट्रेल' या नावाखाली एका नकाशावर आली. पण याच रस्त्यांवर एके काळी कृष्णवर्णीय प्रवाशाला ओळखीच्या घरी उतरण्यावाचून बहुतेक ठिकाणी गत्यंतर नसे. पैसे मोजायची तयारी असली तरी मोटेलवाला खोली देत नसे.

हार्लेममध्ये राहणारे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 मध्ये 'ग्रीन बुक' काढलं ते यासाठीच. त्यात हॉटेलं, पेट्रोल पंप आणि पाहुण्यांना खोली देणाऱ्या कुटुंबांचे पत्ते असत. या पुस्तकाची गरजच उरणार नाही असा दिवस येईल, असं त्यांनी त्यातच लिहून ठेवलं होतं. (बडोद्यात घर न मिळालेल्या आंबेडकरांना पारशी सराईतूनही बाहेर काढलं गेलं, हे मराठी वाचकाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्रही लिहिलं होतं.)

ग्रीन यांच्या मनातला तो दिवस 2 जुलै 1964 च्या नागरी हक्क कायद्याने जवळ आणला; वर्णावरून खोली नाकारायला त्याने बंदी घातली. अटलांटातल्या 216 खोल्यांच्या 'हार्ट ऑफ अटलांटा' मोटेलचा मालक लगेच कोर्टात गेला. त्याच वर्षी 14 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. न्यायालयाने आधार घेतला तो व्यापाराचा: खोली नाकारली की राज्याराज्यांतल्या प्रवासाला अडथळा येतो. समतेचा लढा शेवटी प्रवाशांच्या सोयीच्या मुद्द्यावर जिंकला गेला, याची मला अजून गंमत वाटते.

सेल्माचा पूल सगळे बघतात. मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमेरीकडे निघालेल्या मोर्चेकऱ्यांना 7 मार्च 1965 रोजी पोलिसांनी तिथे झोडपलं. त्यापुढचे 54 मैल मात्र गाडीतून झरकन निघून जातात. 21 तारखेला पुन्हा निघालेल्या मोर्च्याने पहिल्या तीन रात्री काढल्या त्या डेव्हिड हॉल, रोझी स्टील आणि रॉबर्ट गार्डनर या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या जमिनीवर. जागा देणं जोखमीचं होतं. त्याच वर्षी वाटेतल्या लाउंड्स काउंटीत मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या कुळांना जमीनदारांनी घरांतून हुसकावलं आणि त्यांना महामार्गालगत तंबूंत राहावं लागलं.

'ग्रीन बुक'मधल्या कितीतरी इमारती आता पाडल्या गेल्या आहेत. मेम्फिसचं लोरेन मोटेल उरलं. चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल 1968 रोजी तिथेच हत्या झाली आणि 1991 पासून तिथे संग्रहालय आहे. बर्मिंगहॅमचं गॅस्टन मोटेलही उभं आहे. त्या शहरातल्या वर्णभेदाविरुद्धच्या 1963 च्या आंदोलनाची सूत्रं तिथूनच हलत होती.