एक चूल, चार संगणक : इंदूरच्या मराठी घरांची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच घरोघरी विचारलं गेलं, की तुमच्याकडे संगणक किंवा लॅपटॉप आहे का, आणि असला तर त्याला इंटरनेट आहे का. देशातल्या ९.५ टक्के कुटुंबांकडे संगणक निघाला. इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबं फक्त ३.१ टक्के. पुढे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी कुटुंबांचा आकडा २३.४ टक्क्यांवर गेला, ग्रामीण ४.४ वर राहिला. घरात संगणक किती आणि ते कोण वापरतं, हे मात्र या टक्केवारीतून कळत नाही. एक असो की चार, नोंद ‘आहे’ एवढीच.

जनगणनेच्या लेखी कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. म्हणजे हिशेब चुलीचा. वीज कंपनीचा हिशेब मीटरचा. इंटरनेट देणाऱ्यांनी इंदुरात सुरुवातीची कित्येक वर्षं हिशेब ठेवला तो मशीनचा. एका घरात दुसरा-तिसरा संगणक येण्याचा इतिहास बराचसा या तीन हिशेबांच्या ओढाताणीचा आहे. किमतीचा भाग त्यात आहेच, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही.

आधीचा काळ थोडक्यात उरकतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत इंदुरात संगणक होता तो बँकेत, अभियांत्रिकी कॉलेजात, खंडवा रोडच्या विद्यापीठात आणि राजेंद्र नगरच्या पलीकडच्या केंद्र सरकारी संशोधन केंद्रात. त्या केंद्रात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांमुळे राजेंद्र नगरात संगणकाची बोलणी लवकर सुरू झाली, पण मशीन घरात नव्हतं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं ते महानगरांत. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या अखेरीस, आणि मग दोन-तीन वर्षांत रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथे टेलिफोनच्या तारेवरून डायल-अप पोचलं. फोन किंवा नेट, दोन्हीपैकी एकच. आत्याचा पुण्याहून फोन यायचा असला की मोडेम बंद.

पहिला संगणक घराचा असे. तो बैठकीत, कापडाचं कव्हर घालून, आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. तीस-पस्तीस हजारांचा असेंबल्ड डबा, म्हणजे त्या वेळच्या मास्तरांच्या किंवा कारकुनाच्या कित्येक पगारांचा खर्च. अशा घरात दुसरा संगणक कुणी विकत आणत नसे. दुसरा संगणक उरत असे. थोरल्याला कॉलेजसाठी नवा मदरबोर्ड, नवी हार्ड डिस्क लागायची. आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमधून नवे भाग यायचे, आणि जुन्या भागांना एखादी सेकंडहँड कॅबिनेट मिळाली की धाकट्याचं मशीन उभं राहायचं. मॉनिटर तेवढा वेगळा घ्यावा लागे.

जुनं मशीन टिकण्याचं आणखी एक कारण खास मराठी घरांतलं होतं, आणि ते कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. इंदुरात लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका मराठीत जुळवणारी काही घरं होती. काका दिवसा नोकरी करत आणि रात्री टायपिंग. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधी हे काम फॉन्टच्या खास सॉफ्टवेअरवर चाले, आणि ते सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात खोचलेल्या छोट्या कुलपाशिवाय उघडत नसे. नव्या विंडोजवर ते कुलूप ओळखलं जाईलच असं नाही. म्हणून विंडोज ९८ चं मशीन आतल्या खोलीत तसंच ठेवायचं आणि शाळेचं, नेटचं काम दुसऱ्यावर करायचं. एका घरात दोन संगणक का, याचं त्या घरांपुरतं साधं उत्तर हेच.

वीज हा तिसरा मुद्दा. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजनिर्मिती तिकडे गेली, आणि उरलेल्या मध्य प्रदेशाला पुढची तीन वर्षं भारनियमनाने पिळून काढलं. २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवरच लढली गेली. ६०० व्हीएचा यूपीएस एका संगणकाला आणि काचेच्या जाडजूड मॉनिटरला फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ द्यायचा. त्यावर दुसरं मशीन जोडलं की दिवे जाताच यूपीएस किंचाळून दोन्ही बंद. दोन मशीन म्हणजे दोन यूपीएस, आणि दोन-तीन वर्षांनी दोन बॅटऱ्या. हा खर्च मशीनच्या किमतीत कुणी धरत नसे.

आता त्या नियमाकडे येतो, ज्याच्यावरून इंदूरच्या गल्लीगल्लीत भांडणं झाली : एक कनेक्शन, एक मशीन.

२००० नंतर केबल टीव्हीच्या धंद्यातल्या लोकांनी छतांवरून लॅनची, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याची, तार ओढत इंटरनेट द्यायला सुरुवात केली. डायल-अपसारखी मिनिटांची टिकटिक नाही, फोन मोकळा, महिन्याचे ठरलेले पैसे. घरातल्या संगणकाच्या नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा कारखान्यात ठरलेला ओळख क्रमांक, ते आपल्याकडे नोंदवून घेत आणि खातं त्या पत्त्याला बांधून टाकत. तीच तार दुसऱ्या मशीनला लावली तर लॉगिनचं पान येई, पण आत जाता येत नसे. दुसऱ्या मशीनसाठी दुसरं खातं घ्या, किंवा जादा पैसे भरा.

पण तंत्र या नियमाच्या पुढे गेलेलं होतं. घरातल्या अनेक मशीनना इंटरनेटवरच्या एकाच बाहेरच्या (आयपी) पत्त्यामागे ठेवण्याची रीत १९९४ मध्येच मांडली गेली होती, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी मोकळे राखण्याचा नियम १९९६ मध्ये पक्का झाला. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आयतीच आली. पहिल्या मशीनमध्ये दोन नेटवर्क कार्डं. एकात केबलवाल्याची तार, दुसऱ्यातून दुसऱ्या मशीनकडे जाणारी क्रॉस केबल. पहिलं मशीन आपोआप १९२.१६८.०.१ होई आणि दुसरं त्याच्यामागे. क्रॉस केबल बाजारात मागितली की दुकानदार साधीच हातात ठेवत, म्हणून पोरं ती घरीच करत : एका टोकाला नारंगी जोडी जिथे, दुसऱ्या टोकाला तिथे हिरवी, पहिली तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या जागी, मग क्रिम्पिंगच्या पकडीने दाब. एक तार पुरती आत गेली नाही की सगळं मुसळ केरात, कनेक्टर कापून पुन्हा सुरुवात.

यात एक पंचाईत होती. पहिलं मशीन चालू असल्याशिवाय दुसऱ्याला नेट नाही. दादा परीक्षेला गेला आणि जाताना त्याने मशीन बंद केलं, की ताईचं काम अडलं. म्हणून राउटर, म्हणजे एक कनेक्शन अनेक मशीनना वाटणारे छोटे डबे, आले, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये मॅक पत्ता ‘क्लोन’ करण्याची सोय आली. राउटर बाहेर आपली ओळख घरातल्या नोंदलेल्या संगणकाचीच देतो. जगभर ही सोय दिली गेली ती अशाच नियमांमुळे.

केबलवाल्यांची बाजू खोटी नव्हती. संपूर्ण कॉलनीसाठी त्यांनी घेतलेली लाइन महाग होती, आणि इंदुरात एका खात्यावरून वरचा मजला, खालचा मजला, शेजारचं घर असं सगळं चाले. चार घरं मिळून एकाचे पैसे भरत. त्यांचा रोष शेजाऱ्यांवर होता. फटका मात्र बसला घरातल्या माणसांना, कारण शेजारी कुठला आणि घरचा कुठला हे मॅक पत्त्यावरून कळत नाही. रामबागेतल्या जुन्या घराचं उदाहरण घ्या. खाली आजी-आजोबा, मधल्या मजल्यावर थोरले काका, वर धाकटे. मीटर दोन, चूल एक. दिवाळीचा फराळ एका कढईत तळला जातो. वरच्या मजल्यावरच्या मशीनला जाणारी तार जिन्याच्या कठड्याला बांधलेली. ही चोरी म्हणायची की घर? केबलवाल्याच्या माणसाला तार दिसली, की त्याच्या हिशेबाने चोरी.

माझं मत स्पष्ट आहे. नियम लावायचाच होता तर तो वेगाला किंवा डेटाला लावायला हवा होता, मशीनला नाही. घरात आलेलं पाणी किती नळांतून सुटतं याचे वेगळे पैसे कुणी घेत नाही. या नियमाने पाच-सहा वर्षं मधल्या वर्गातल्या घरांत दुसरं मशीन असूनही कोरडं ठेवलं, आणि बहुतेक घरांत ते मशीन मुलीच्या किंवा आईच्या वाट्याला आलेलं होतं. नोंदलेलं मशीन मुलाचं. हे मोजलं कुणीच नाही, म्हणून आकडा नाही; पण त्या काळात घरोघरी तारा जोडून देणाऱ्या कुणालाही विचारावं.

नियम हरला तो युक्तिवादाने नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरलं, आणि २००५ पासून सरकारी टेलिफोन कंपनीने त्याच तांब्याच्या तारेवर ते देणं सुरू केलं. इथेही एक गाठ होतीच. लाइनमन मोडेम बहुधा ‘ब्रिज’मध्ये बसवून जाई, म्हणजे नाव आणि पासवर्ड संगणकावर टाकायचे आणि नेट त्याच एका संगणकाला. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ उघडून तेच नाव-पासवर्ड मोडेमच्या आत भरले की सगळं घर चालू. नियम म्हणून कुणी अडवलं नव्हतं, तरी ही एक गोष्ट माहीत नसल्याने असंख्य घरं अडून राहिली. आणि मग भांडण मर्यादेवर आलं. महिना १ जीबीच्या प्लॅनवर दोन मशीन आपापले अपडेट वेगवेगळे उतरवत, आणि पंधरवड्यात मर्यादा पार. त्यावर रात्री दोन ते सकाळी आठ मोफत असलेला प्लॅन निघाला, तेव्हा घरातला एक जण गजर लावून उठू लागला.

वाय-फायसाठी २.४ गीगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा २००५ च्या सुरुवातीला परवान्यातून मोकळा झाला. जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींनी त्याला दाद दिली नाही, आणि तिथे तारा राहिल्या. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये घरगुती वाय-फायला कुलूप लावण्याबद्दल सरकारी सूचना आल्या. तोपर्यंत ज्यांनी शेजाऱ्याला आनंदाने पासवर्ड दिला होता त्यांनी तो बदलला. मशीनच्या नियमाला जे जमलं नव्हतं ते या एका बातमीने केलं : नेट चुलीपुरतं राहिलं.

यानंतरची गर्दी मोठी आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, म्हणून यूपीएसचा प्रश्न गेला. राज्य सरकारने आपल्या मंडळाच्या बारावीत ठरलेल्या टक्क्यांवर गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये द्यायला सुरुवात केली, आणि तो पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. कित्येक घरांत एका माणसाच्या नावाने आलेला तो पहिला संगणक. सुपर कॉरिडॉर या इंदूरच्या नव्या रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांनी नोकरीसोबत लॅपटॉप दिले. ते घरात आले, पण घराचे नव्हते. त्यावर मुलीचा प्रोजेक्ट करायचा नाही, पेनड्राइव्ह लावायचा नाही. चार मशीन दिसत असलेल्या घरात वापरायला दोनच, असं होऊ लागलं.

मार्च २०२० मध्ये हे उघडं पडलं. पहिल्या लाटेत इंदूर राज्यात सगळ्यांत जास्त पोळलं, बाजार बंद, सिल्वर मॉलला टाळं. सकाळी नऊ वाजता बाबांची मीटिंग, आईची शाळा (ती शिकवते आहे), दोन मुलांचे दोन वर्ग. माळ्यावरचे जुने संगणक खाली आले. त्यांना कॅमेरा नाही, माइक नाही, आणि वेबकॅम गावात मिळेना. वर्ग शेवटी फोनवर झाले, आणि ज्यांच्या घराच्या नोंदीत ‘संगणक आहे’ असं लिहिलं जातं ती मुलं पाच-सहा इंची पडद्यावर गणित शिकली. माझ्या लेखी संगणक मोजण्याची आपली पद्धत किती तोकडी आहे, याचा याहून मोठा पुरावा नाही.

त्या वेळी घाईने घेतलेली आणि त्याआधीची बरीच मशीन आता दुसऱ्या पेचात आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालू असलेलं मशीन त्यामुळे नेटवर धोक्याचं झालं. काही घरांनी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. आजोबांच्या टायपिंगला आणि भजनांना ती पुरते. बाकीची मशीन कचरागाडीपर्यंत जातात, कारण इंदूरच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. हार्ड डिस्क मात्र काढून ठेवा. तिच्यात एका माणसाचे नाही, सगळ्या घराचे फोटो असतात.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ ची म्हणून होते आहे. पुढे ढकललेल्या जनगणनेसाठी जानेवारी २०२० मध्ये जे प्रश्न ठरले होते, त्यांत इंटरनेट आणि लॅपटॉप-संगणक हे दोन वेगळे झाले होते, ही सुधारणा खरी. किती आणि कुणासाठी, हा प्रश्न त्या यादीतही नव्हता.