शर्यतीच्या गाडीच्या कॉकपिटमध्ये (चालकाच्या बसण्याच्या जागेत) हवा खेळती ठेवण्याच्या खटाटोपाची पार्श्वभूमी

१६ जानेवारी १९५५ रोजी ब्यूनस आयर्सला झालेल्या अर्जेंटिना ग्रां प्री या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीत उष्म्याने चालक एकामागून एक गळाले, बहुतेक गाड्या दोघातिघांनी आळीपाळीने चालवल्या, आणि अखेरपर्यंत एकट्याने चालवणारे दोघेच उरले. त्यांपैकी एक म्हणजे विजेता हुआन मॅन्युएल फान्जिओ. तीन तास चाललेल्या त्या शर्यतीत मर्सिडीजच्या सांगाड्याची तापलेली नळी लागून त्याचा पाय भाजला. इंजिन तेव्हा चालकाच्या पुढे असे आणि त्याची धग सरळ पायांवर येई. १९५९ मध्ये कूपर या ब्रिटिश संघाने विजेतेपद मिळवल्यावर इंजिन मागे गेले, तरी बहुतेक गाड्यांचा रेडिएटर नाकाशीच राहिल्याने गरम पाण्याच्या नळ्या चालकाच्या शेजारून जात राहिल्या. १९७० च्या लोटस ७२ या गाडीने रेडिएटर दोन्ही कुशींत नेले, तेव्हा कुठे हा जाच कमी झाला.

आत हवा घेण्याची युक्ती विमानविद्येकडून आली. अमेरिकेच्या ‘नाका’ या संस्थेने १९४० च्या दशकात विकसित केलेले हवेचे प्रवेशद्वार पत्र्याबाहेर डोकावत नाही. त्याचा तळ हळूहळू खोल उतरतो, बाजू मागे रुंदावत जातात, आणि त्यांच्या धारदार कडांवर उठणारे भोवरे पृष्ठभागालगतची मंदावलेली हवा बाजूला सारतात, त्यामुळे फारसा रोध न वाढता ताजी हवा आत शिरते. मात्र हवा दाबाच्या फरकाने वाहते, हे विसरून केवळ तोंड मोठे करण्याचा मोह मला मोठी चूक वाटते. बंद गाडीत पुढच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, म्हणून तोंड तिथे शोभते. पण कमी दाबाच्या जागी बाहेर पडायची वाट नसेल, तर आत हवा तुंबते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत लोगन सार्जंटला प्रकृती बिघडल्याने गाडी सोडावी लागली, एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. त्यानंतर फॉर्म्युला वनने चालकाकडे हवा नेणारे जादा तोंड बसवण्याची मुभा दिली. पण बाहेरचीच हवा तापलेली असेल, तर हवा आणणारी वाहिनी तिला थंड करू शकत नाही, आणि अग्निरोधक पोशाखात घामही नीट वाळत नाही. म्हणूनच २०२५ पासून उष्णता निर्देशांक (तापमान आणि आर्द्रता मिळून जाणवणारा उष्मा) ३१ अंश सेल्सिअसपुढे जाण्याचा अंदाज असेल, तर गाडीत द्रवाने थंडावा देणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. अशा अंदाजावरून दिला जाणारा उष्णतेचा इशारा पहिल्यांदा त्याच वर्षी सिंगापूरच्या शर्यतीला लागू झाला.