अर्धपारदर्शक सौरघटांच्या खिडक्या

उजेड आत सोडता सोडता त्यातल्या काही भागापासून वीज तयार करणारी तावदाने. उंच इमारतीला छप्पर थोडे आणि दर्शनी काच अफाट असते. छपरावर न मावणारी सौरवीज या काचेवर मिळवावी, ही यामागची कल्पना.

अडचण मुळातच आहे. घटाने शोषलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचत नाही आणि डोळ्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाची वीज होत नाही. यावरचा जुना तोडगा म्हणजे अपारदर्शक घटच विरळ मांडणे: स्फटिकी सिलिकॉनचे चौकोन दोन काचांमध्ये अंतर सोडून बसवतात, किंवा अस्फटिकी सिलिकॉनच्या पातळ थरात लेसरने बारीक रेघा कोरून उजेडाला वाट करून देतात. चौकोनांची मांडणी टिकाऊ असते, पण समोरचे दृश्य तुकड्यातुकड्यांनी दिसते.

अधिक मार्मिक तोडगा प्रकाशाच्या निवडीचा आहे. डोळ्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो, तर जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेचा जवळजवळ निम्मा वाटा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. काही सेंद्रिय रेणू नेमके हे किरण शोषतात आणि दृश्य प्रकाश बराचसा सोडून देतात. सगळा दृश्य प्रकाश सोडून फक्त अवरक्त आणि अतिनील किरण वापरणाऱ्या एकपदरी (प्रकाश शोषणारा एकच थर असलेल्या) घटाची कार्यक्षमता सिद्धांतानुसार 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. सामान्य अपारदर्शक एकपदरी घटाची मर्यादा सुमारे 33 टक्के आहे. म्हणजे आरपार दिसण्यासाठी सगळेच गमवावे लागत नाही.

तुलनेसाठी घटाची कार्यक्षमता आणि दृश्य पारगम्यता, म्हणजे दिसणाऱ्या उजेडाचा आरपार जाणारा वाटा, यांचा गुणाकार करतात. 10 टक्के कार्यक्षम काच 40 टक्के उजेड सोडत असेल, तर गुणाकार 4 टक्के. पारगम्यता मोजताना 555 नॅनोमीटरजवळच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक वजन असते, कारण दिवसा डोळा तिथेच सर्वात तीक्ष्ण असतो. मात्र एकट्या या आकड्यावर विसंबू नये. काचेला पिवळट झाक असेल, तर खोलीतला पांढरा कागदही पिवळट दिसतो. रंगद्रव्य-संवेदित घटांनी, म्हणजे रंगद्रव्याच्या रेणूंनी प्रकाश टिपणाऱ्या घटांनी, ही छटाच शोभेची केली. ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी 1991 मध्ये हे घट प्रसिद्धीस आणले. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या स्विसटेक कन्व्हेन्शन सेंटरच्या दर्शनी भागावर त्यांची रंगीत पटले बसवलेली आहेत.

दुपदरी तावदानात घटाचा थर सहसा बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असतो. सेंद्रिय घटात प्रकाश शोषणारा थर जेमतेम शेकडो नॅनोमीटरचा, त्याच्या दोन्ही बाजूंना इंडियम टिन ऑक्साइडसारखे पारदर्शक वाहक, मग हवेची किंवा आर्गॉनची पोकळी आणि शेवटी आतली काच. तारा चौकटीत दडवतात. शोषलेल्या पण वीज न झालेल्या प्रकाशाची उष्णता होते. ती आत येण्यास पोकळी अडथळा करते. अवरक्त किरणही बाहेरच अडल्याने उष्ण हवेत वातानुकूलनावरचा भार कमी होतो. या खिडकीचा हिशेब नुसत्या विजेवर करणे म्हणूनच चुकीचे आहे. उलट थंड प्रदेशात हिवाळ्यातली फुकटची ऊब हुकते. शिवाय उभ्या काचेवर भर दुपारचे ऊन तिरपे पडते, त्यामुळे योग्य कलाने बसवलेल्या छपरावरच्या पटलाइतकी वीज तिच्याकडून मिळत नाही.

खरी कसोटी टिकाऊपणाची आहे. खिडकी दशकानुदशके टिकावी अशी अपेक्षा असते, पण सेंद्रिय आणि पेरोव्हस्काईट (एका विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचे) घट ओलावा, प्राणवायू आणि अतिनील किरणांनी खराब होतात. प्रचलित कार्यक्षम पेरोव्हस्काईटमध्ये शिसेही असते, म्हणून काच फुटल्यावर ते बाहेर पडू नये याची सोय करावी लागते. छपरावरचे पटल बदलणे त्या मानाने सोपे. इथे घट बिघडला तर अख्खे तावदान चौकटीतून काढावे लागते. म्हणून काचेच्या कडा किती घट्ट मोहोरबंद केल्या आहेत, याला घटाच्या कार्यक्षमतेइतकेच महत्त्व आहे.