'प्रेझेंटली' म्हणजे आत्ता की थोड्या वेळाने?

नोकरीच्या अर्जात आपल्याकडे सर्रास 'प्रेझेंटली वर्किंग' असं लिहितात आणि 'सध्या कामाला आहे' हाच अर्थ घेतात. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्येही हा अर्थ रुळलेला आहे. इंग्लंडमध्ये मात्र वळण वेगळं. तिथे 'प्रेझेंटली येतो' म्हणणारा थोड्या वेळाने येणार असतो.

पंधराव्या शतकात हा शब्द 'आत्ता' आणि 'ताबडतोब' अशा दोन्ही अर्थांनी चालत होता. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये अंजिराचं झाड 'प्रेझेंटली' वाळतं, म्हणजे तिथल्या तिथे. पुढे 'ताबडतोब' ढिला पडत 'लवकरच'पर्यंत घसरला. आज 'लवकरच' या अर्थाच्या 'सून' आणि 'अनॉन' या इंग्रजी शब्दांचंही हेच झालं. दोन्हींचा मूळ अर्थ 'तत्क्षणी'. 'आत्ता येतो' म्हणून तासाभराने उगवणारा माणूस आपल्याही ओळखीचा आहे.

खरा वाद विसाव्या शतकातला. शतकाच्या आरंभी एका मोठ्या इंग्रजी कोशाने नोंदवलं, की 'सध्या' हा अर्थ साहित्यिक इंग्रजीतून सतराव्या शतकातच गेला, पण बोलींत आणि स्कॉटिश लेखकांकडे टिकून आहे. यातला पहिला भाग लोकांनी उचलला आणि दुसरा विसरला. शतकाच्या मध्यापासून शैलीची पुस्तकं 'सध्या' या अर्थाला चूक ठरवू लागली. एका अमेरिकी कोशाच्या सल्लागार मंडळात तर निम्म्याच सदस्यांनी तो मान्य केला. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. जो अर्थ आधीचा, बोलण्यातून कधीच न तुटलेला, त्यालाच नवशिका आणि अडाणी म्हटलं गेलं! लंडनच्या लिखाणात दिसत नाही म्हणजे वापरात नाही, हे गृहीतकच कच्चं होतं. संस्कृतात 'सद्यः' म्हणजे तत्काळ, आणि मराठीत 'सद्यःस्थिती' म्हणजे आजची स्थिती. त्यावरून आपण कुणाला अशुद्ध म्हणत नाही.

दोन अर्थांमुळे वाचणारा गोंधळतो, ही तक्रार मात्र पूर्ण खोटी नाही. एरवी क्रियापदच निकाल लावतं: 'इज प्रेझेंटली' असेल तर सध्या, 'विल प्रेझेंटली' असेल तर लवकरच. पण क्रियापदाशिवायची पाटी किंवा त्रोटक निरोप असला की वाचणारा अडकतो. तिथे 'नाऊ' किंवा 'सून' लिहावं.